एकट्याचा सराव

शिवयोगी म्हमाणे फॉरेनला असतो, एवढं आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. फॉरेनला म्हणजे कुठं, यावर एकमत नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या मते तो जर्मनीत आहे. शेजारच्या सोनाबाईंच्या मते 'रशियाच्या अलीकडं'. त्याच्या आईनं, महानंदाबाईंनी, एकदा देवळात कुणाला तरी 'युरोपातलं मोहोळ समजा की' असं सांगितलं होतं; मोहोळ म्हणजे सोलापूरशेजारचं तालुक्याचं गाव. तिघांत आई सत्याच्या सगळ्यात जवळ होती.

गावाचं नाव लेस्कोवात्स. सर्बियाच्या दक्षिणेला आहे. एकेकाळी कापडगिरण्यांमुळं लोक त्याला मँचेस्टर म्हणत. गिरण्या बंद पडल्या, नाव तेवढं चालू राहिलं. सोलापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. दुपारी दुकानं पेंगतात. सप्टेंबर उजाडला की अख्खं गाव अंगणात लाल मिरच्या भाजत बसतं आणि गल्लोगल्ली ठसका लागतो. म्हणजे शिवयोगी पावणेसहा हजार किलोमीटर जाऊन जवळपास तिथंच पोचला होता. फरक इतकाच, की तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

तो बँकांच्या मोबाइल ॲपमधल्या चुका शोधतो. कंपनी जर्मन. करोनानंतर कंपनीनं पुण्याचं ऑफिस मोडलं आणि सगळ्यांना कळवलं, कुठूनही काम करा. बरोबरीचे लोक गोव्याला गेले, बालीला गेले, दोघं-तिघं सासुरवाडीला गेले. शिवयोगीनं इंटरनेटवर शोधलं, की युरोपात सगळ्यात कमी खर्चात कुठं राहता येतं. अशा माणसांना हल्ली डिजिटल नोमॅड म्हणतात. नोमॅड म्हणजे भटक्या. हा भटक्या एका खोलीत जाऊन बसला आणि तीन वर्षं तिथून हलला नाही.

"घरातनंच काम करायचं तर हे घर काय वाईट हाय?" महानंदाबाईंनी विचारलं होतं.

"लाइट जाते, अव्वा."

लाइट जाते हे खरंच होतं. पण छत्तिसाव्या वर्षी लग्नाशिवाय दिवसभर घरी बसलेल्या मुलाबद्दल आपल्याकडं येणारा-जाणारा प्रत्येकजण खुलासा मागतो. लेस्कोवात्समध्ये जाब विचारणारं कुणी नव्हतं. ही सोय त्याला भाड्याहूनही स्वस्त वाटली. पुढं हळूहळू लक्षात आलं, की तिथं विचारणारंच कुणी नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कॉल संपला की सोमवारी सकाळपर्यंत त्याला आवाजाचा काही उपयोग नसे. बेकरीत बोट दाखवलं की पाव मिळतो. सोमवारी पहिला 'हॅलो' इतका खरखरीत निघायचा, की म्युनिकच्या ऑफिसातली बाई दर आठवड्याला विचारायची, बरं नाही का? तो म्हणायचा, थंडी आहे. जुलैतही म्हणायचा.

वर्षातून एकदा मात्र त्याची कुठंतरी गरज पडत असे. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेत.

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो. संक्रांतीच्या सुमाराला सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. नंदीध्वज म्हणजे दोन मजल्यांहून उंच, सजवलेली, जड काठी. ती एका वेळी एकच माणूस पेलतो. बूड कमरेशी, नजर शेंड्याकडं. भोवती बाराबंदी घातलेल्या माणसांचं कडं चालतं, हात वर करून, काठीला न लावता. पेलणारा थकला की चालता चालताच काठी दुसऱ्याच्या कमरेवर जाते. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात, आणि अख्खं सोलापूर त्या लग्नाचं वऱ्हाड असतं. शिवयोगीचे वडील पेलायचे. ते गेल्यावर ती जागा शिवयोगीकडं आली. जागा म्हणजे कागदावर काही नसतं. सरावाला मास्तर कुणाला हाक मारतात, एवढंच.

मास्तर म्हणजे चन्नप्पा. वय सत्तरीच्या पुढं, धंदा कडब्याचा, आवाज रेल्वेच्या भोंग्यासारखा. त्यांचा नियम एकच: सरावाला जो नाही, तो मिरवणुकीत नाही. शिवयोगी दरवर्षी डिसेंबरात सुट्टी टाकून यायचा आणि मास्तर कुरकुरत चालवून घ्यायचे. मागच्या वर्षी तिकडचा राहण्याचा परवाना संपत आला, पासपोर्ट कचेरीत जमा होता, आणि तो आलाच नाही. त्याच्या जागी राजसनं काठी पेलली. राजस पंचविशीचा, पतपेढीत नोकरीला, रोज संध्याकाळी सरावाला हजर. मास्तरांनी फोनवर सांगितलं, "या खेपेला दोन आठवडे आधी ये. बघतो. जमलं तर जागा तुझी. न्हाय तर राजसची, कायमची. पुन्हा रडायचं न्हाय."

आता शिवयोगीजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

म्हणून त्यानं एक काम केलं, जे लेस्कोवात्सच्या इतिहासात कुणी केलं नसावं. ऑक्टोबरात बांधकामाच्या दुकानातून लोखंडी नळीचे तुकडे आणले, एकात एक बसवले, शेंड्याला वाळूच्या पिशव्या बांधल्या. कमरेला फडकं आवळलं आणि घरमालकिणीच्या अंगणात रोज कामाआधी ती नळी पेलायला लागला. अंगण मोकळं, आजूबाजूला फक्त प्लमची झाडं. तोल गेला की चार पावलं मागं, चार पावलं बाजूला. नळी पडलीच तर कोबीवर पडे.

घरमालकीण ल्युबिंकाबाई, विधवा, दोन आठवडे पडद्याआडून बघत होती. मग एक दिवस फोनमधलं भाषांतराचं ॲप घेऊन खाली आली.

"हा खेळ आहे का?" फोननं विचारलं.

"नाही. लग्न आहे."

बाईचा चेहरा उजळला. "तुमचं?"

"देवाचं."

बाईनं फोन झटकला, पुन्हा विचारलं, उत्तर तेच आलं. ती वर गेली आणि थोड्या वेळानं भाजलेल्या मिरच्यांच्या ठेच्याची बरणी दारात ठेवून गेली. वेड्या माणसानं निदान उपाशी राहू नये, एवढाच त्याचा अर्थ असावा. त्या हिवाळ्यात कुणी आपणहून त्याच्याशी बोललं, ते एवढंच.

डिसेंबरात तो सोलापूरला उतरला तेव्हा अंगानं भरलेला होता. सोनाबाईंनी ओट्यावरूनच हजेरी घेतली.

"आलास व्हय रे? एवढा फॉरेनला राहतोस, अन् चप्पल हितलीच?"

"तिकडं बूट घालतो, काकू."

"बूट घालणारी कुणी बघितलीस का तिकडं? का तिकडंबी न्हाय?"

महानंदाबाई आतून म्हणाल्या, "राहू दे की सोनाबाई, आत्ताच आलाय." आणि लगेच त्यांच्याही तोंडून निघालं, "बघितलीस का पण?"

पहिल्याच संध्याकाळी तो सरावाच्या मैदानावर गेला. वीस-बावीस माणसं होती. ओळखीची सगळी हसली, दोघांनी पाठीत बुक्के घातले, एकानं त्याचा दंड दाबून "सर्बियात काय दगडं फोडतोस का?" म्हटलं. मास्तरांनी मान हलवली आणि सरावाची काठी त्याच्याकडं दिली.

काठी कमरेला लागली आणि शिवयोगी शांत झाला. शेंडा हलेना. मैदानाचा एक फेरा झाला, दुसरा झाला. राजस खाली मान घालून पायानं माती उकरत होता. एकजण पुटपुटला, "बापासारखा पेलतोय की." मास्तर त्याच्या पायांकडं बघत होते.

तिसऱ्या फेऱ्याला मास्तर ओरडले, "कडं करा!"

माणसं भोवती आली, हात वर करून. आणि तिथं बिनसलं. शेंडा जरासा कलला, शिवयोगी सवयीनं चार पावलं मागं गेला. मागं आता प्लमची झाडं नव्हती, माणसं होती. एकाच्या पायावर पाय पडला, दुसऱ्याच्या छातीवर कोपर बसलं. त्याला राग आला. इतके दिवस कुणी मध्ये आलं नव्हतं.

"सरकू नकोस!" मास्तर म्हणाले. "तोल कमरेनं सावर. मागं जाऊ नको, मागं पोरं हायत. राजस, घे!"

राजस पुढं आला, वाकून कंबर लावली. पेलणाऱ्यानं अशा वेळी शेंड्यावरची नजर काढायची असते. काठी अजून आपल्या अंगावर असताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि तो मानेनं 'हं' म्हणाला की भार सोडायचा. शिवयोगीची नजर वरच खिळलेली होती. राजसनं दोनदा "दादा" म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. शिवयोगीनं काठी अजून घट्ट धरली. दोघांच्या ओढाताणीत शेंडा जो झुकला, तो वीस हातांनी मिळून मैदानाच्या कुंपणाआधी कसाबसा अडवला. लागलं कुणालाच नाही.

मास्तरांनी धोतर झाडलं.

"शिव्या, सराव कुणाबरोबर केलास?"

"एकट्यानंच, मास्तर."

"तेच की." ते रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. "पेलतोस बेस्ट. पण काठी दुसऱ्याला देता येईना तुला. आख्खा रस्ता एकट्यानं पेलायचा असता तर सात गल्ल्यांची माणसं कशाला गोळा केली असती? जागा राजसची."

राजस म्हणाला, "मास्तर, यंदा त्यांना..."

"तू गप. तुझीबी कंबर वाकडी पडते, ते उद्या बघतो." मग शिवयोगीकडं वळून म्हणाले, "यायचं असलं तर कड्यात ये. मागच्या बाजूला. न्हाय आलास तरी चालतंय."

हे शेवटचं वाक्य त्याला रात्रभर पुरलं असावं. घरी त्यानं आईला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. महानंदाबाईंनी भाकरी वाढली आणि वडिलांची बाराबंदी पेटीतून काढून, इस्त्री करून खुंटीला लावली. पेलणाऱ्याला आणि कड्यातल्याला बाराबंदी एकच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्युनिकच्या बाईनं कामासाठी फोन केला आणि विचारलं, सुट्टी कशी चाललीये? तो म्हणाला, छान. परतीचं तिकीट अलीकडचं करता येईल का, हे त्यानं त्याच दिवशी बघितलं. येत होतं. त्यानं केलं नाही. संध्याकाळी मैदानावर गेला आणि मागच्या बाजूला उभा राहिला. रोज गेला, रोज तिथंच उभा राहिला, हात वर करून.

अक्षतांच्या दिवशी रस्ता माणसांनी भरला होता. 'हर्र बोला हर्र'च्या गजरात काठ्या निघाल्या. कड्यातल्या माणसाचं काम असं असतं, की सगळं नीट झालं तर त्याचा हात कशालाच लागत नाही. शिवयोगी चालत होता आणि त्याचा हात कशालाच लागत नव्हता. गच्चीवरून नव्या सुना फोटो काढत होत्या. फोटोत राजस येत होता.

एका वळणावर रस्ता खचलेला होता. राजसचा पाय गेला आणि शेंडा मागं आला. सगळे हात एकदम वर झाले. कुणाचं कोपर शिवयोगीच्या बरगडीत, कुणाची टाच त्याच्या अंगठ्यावर, कुणाचा घाम त्याच्या मानेवर. न्हावी सोडला तर तिकडं वर्षभरात त्याला कुणाचा इतका धक्का लागला नव्हता. या वेळी तो मागं सरकला नाही. काठीचं ओझं क्षणभर कुणाकुणाच्या हातांवर आलं, त्यात त्याचाही हात होता की त्याला नुसतं तसं वाटलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. राजस सावरला, पुढच्याच्या डोळ्यांत बघून त्यानं काठी दिली, मिरवणूक पुढं गेली. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

अक्षता पडल्या, काठी टेकली, आणि कडं सुटलं. राजसला त्याची बायको ओवाळायला आली. बाकीची माणसं बहिणींकडं, पोरांकडं, हाका येतील तिकडं पांगली. महानंदाबाई गर्दीत मागं कुठंतरी राहिल्या होत्या. शिवयोगी होता तिथंच, मोकळ्या रस्त्यावर, अजून हात वर करून उभा होता.

चन्नप्पा मास्तर आले. त्यांनी त्याची दोन्ही मनगटं धरली आणि एखाद्या पोराला शर्ट घालावा तसे हात खाली केले.

"झालं की रे," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडं गेले.