पुतणीचं बघणं आणि दोन सिस्टीमचा संसार

माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत आणि दोघी एकमेकींचं तोंडही पाहत नाहीत. एक विकतची, एक फुकटची. मी भोकरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे एकीवर भागवणं मला शोभलं नसतं!

पुतणी प्रणिताला बघायला पुण्याहून एक इंजिनियर मुलगा व्हिडिओ कॉलवर येणार होता. मोबाईलवर उरकलं असतं. पण मीच थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, फोन केला, "मोबाईलात काय दिसतंय? माझ्याकडं या. मोठ्या पडद्यावर झोकात करू!" झालं. दादा आणि वहिनी प्रणिताला घेऊन इस्लापूरहून सकाळीच हजर. स्थळ वहिनींना फार आवडलं होतं, आणि प्रणितालाही (तिनं ते फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं, म्हणजे सगळ्यांना!).

कॅमेरा चालायचा तो विकतच्या सिस्टीमवर, आणि तिच्याकडे मी दिवाळीपासून ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सुरू केली मात्र, तिनं तुंबलेले सगळे अपडेट एकदम बाहेर काढले. पडद्यावर एक चकती गरगर फिरू लागली.

"आले वाटतं पाव्हणे!" म्हणत वहिनींनी प्रणिताला पुढं बसवलं. दादानं चकतीला हात जोडून राम राम घातला.

"दादा, अपडेट हाय ते."

"मंग? कव्हा सरंल?"

"होईल पाच मिनिटात."

त्या पाच मिनिटांत मुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी शंभर टक्के झाले, मशीन आपोआप बंद होऊन सुरू झालं, आणि पुन्हा शून्य!

"भाऊजी, काय करून राहिले तुम्ही?" वहिनी रडकुंडीला आल्या. "लोक म्हणतील, पोरीत खोट हाय म्हणून दाखवत न्हाईत!"

मी उगाच माऊस हलवून पाहिला.

"सरक," दादा उठला. "हिरीवरची मोटार अडकली की काय करतो आपण? बंद करून चालू!"

पडद्यावर इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, मशीन बंद करू नका. वर्गात हे मीच पोरांना शिकवतो. पण थोरल्या भावाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही (आणि खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं!). मी मान हलवली. दादानं बटण दाबलं.

काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. विकतची उठेना, आणि जाता जाता तिनं फुकटचीलाही सोबत नेलं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात प्रणिताचा मोबाईल वाजला. वाट पाहून कंटाळलेल्या मुलानं स्वतःच व्हिडिओ कॉल केला होता. ती छान बोलली, तो छान हसला, वहिनींचा जीव भांड्यात पडला. मी मागं डोकं धरून बसलो होतो.

"मागं कोण बसलेत?" मुलानं विचारलं.

"आमचे काका."

"काय करतात?"

प्रणितानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा काळ्या पडद्याकडं.

"शेती," ती म्हणाली.

मी पुढं सरकलो, हात जोडले आणि म्हणालो, "औंदा सोयाबीन बरं हाय!"