बहिणीला एक, मला एक

उदगीरच्या अंबिकाबाई ब्लाऊज शिवतात. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता त्या पळायला लागल्या आणि पन्नाशीच्या तोंडावर लातूरच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून बसल्या. शिकवायला होत्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, लुंबिनी मॅडम.

टेम्पो रन, म्हणजे एकसारख्या जोरकस वेगानं पळायचा सराव, अंबिकाबाई वीस मिनिटं सलग करायच्या, दातओठ खाऊन. मॅडमनी त्याचेच तुकडे पाडले.

"अक्का, पाच मिनिटं पळा, एक मिनिट हळू, परत पाच. असं चारदा."

"मधी ढिलं सोडायचं? मग त्याला पळणं कसं म्हनावं?"

संशयाला कारण होतं. मॅडमची थोरली बहीण महामाया अंबिकाबाईंच्याच वयोगटात पळणार होती. मला मागं ठेवून बहिणीला पुढं काढायचा डाव तर नाही? त्यांनी नवऱ्याला विचारलं. गुरुलिंग म्हणाले, "तू तर धाग्याचं रीळबी उलगडून मोजतीस."

एका पहाटे त्या स्कूटीवरून, महामाया पळायची त्या बायपासला गेल्या आणि बंद टपरीआड उभ्या राहिल्या. महामाया आली, पुढं गेली, वळून परत आली. एकदाही हळू झाली नाही!

त्याच दिवशी शाळेच्या फाटकात त्यांनी मॅडमना गाठलं. "बहिणीला एक अन् मला एक?"

मॅडम चिडल्या नाहीत. हेही अंबिकाबाईंना खटकलं.

"महामायाताई लई वर्षांपासून पळून राहिली. सलग पळतानी ती माझ्याशी बोलती. उद्या तुम्ही सलग पळा, मी संगं येते."

दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेत मॅडमनी विचारलं, "काल काय शिवलं, अक्का?" अंबिकाबाईंनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

"टेम्पोत दोन-चार शब्द निघाले पायजेत. हे तर शर्यतीचं पळणं झालं. मग दोन दिवस पाय भरून येतात का न्हाई?"

येत होते. पण ते कबूल करायच्या आधी, हे हिला आपल्या घरातून कुणी सांगितलं, हाच विचार त्यांच्या मनात आला.

तरी त्या तुकड्या-तुकड्यांनी पळू लागल्या. रस्ता वेगळा धरला, घड्याळ स्वतःचं लावलं. पाय हलके राहू लागले.

लातूरला महामाया तिसरी आली, अंबिकाबाई सहाव्या. पण शेवटच्या चढावर त्यांनी पुढच्या दोन बायकांना मागं टाकलं होतं. महामायेनं पाण्याची बाटली पुढं केली. "लई छान पळालात, अक्का. पुढच्या वर्षी मला भारी पडताल."

अंबिकाबाई हसल्या. बाटलीचं सील शाबूत आहे का ते बोटानं चाचपलं, आणि मग घटाघटा प्यायल्या.