गल्लीभर शोधलेली खरखर

मंडळी, माझ्या हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी बिनतारी संचावर, आठवडाभर नुसती खरखर होती. हदगावचा मित्र बोलायचा, पण ऐकू काहीच यायचं नाही. खरखर कुठून येते ते शोधायला खिशातला रेडिओ घेऊन गल्लीभर हिंडलो, शेजाऱ्यांना इन्व्हर्टर बंद करायला लावले. फरक शून्य. शेजाऱ्यांवरचा माझा संशय मात्र वाढला.

आज सेट बॅटरीवर लावला आणि स्वतःच्याच घराचा मेन स्विच बंद केला. खरखर गायब! मग एकेक बटण चालू करत गेलो. बुद्धमूर्तीपुढची लायटिंगची माळ लागताच खरखर परत आली.

आईला म्हणलं, "ही माळ काढावी लागती."

"काढ की. मी मेणबत्तीच लावत होते. धूर होतो म्हणून तूच आणलीस न्हाई का ही?"

संध्याकाळी आईनं मेणबत्ती लावली. हदगाव खणखणीत ऐकू आलं.

आता शेजाऱ्यांना काय सांगू?