नव्या बाजरीचा पहिला घास

देवावर माझा राग नव्हता, त्याची आठवणच राहिली नव्हती. आम्ही घाटमाथ्यावरचे महादेव कोळी, भात पिकवणारी माणसं. आमच्या वाडीवर बांधाबांधाला देव आहे आणि त्याला विचारल्याशिवाय विळा हलत नाही. मी शेतीचं शिकायला बारामतीला आले आणि पहिल्याच वर्षी सगळ्याची कारणं कळायला लागली. कीड का पडते, पान का पिवळं होतं. मुळात मला चौकशीची खोड. आई म्हणायची, हिला जेवायला वाढलं तरी ही ताटालाच प्रश्न विचारील. कारणं कळत गेली तसे हात जोडायचे राहून गेले. फक्त एखाद्या संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवरून दूरवर पसरलेला ऊस पाहताना आत रिकामं रिकामं वाटायचं, आणि त्याचं कारण काही सापडत नव्हतं.

मी चौथ्या वर्षाला होते तेव्हा कॉलेजने एक नवी पद्धत सुरू केली. आदिवासी वाड्यांवरून आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला वरच्या वर्गातली आदिवासीच मुलगी सोबतीण म्हणून द्यायची. माझ्या वाट्याला मनीषा आली. आमच्याच समाजाची, पलीकडच्या खोऱ्यातली. तिची आई त्याच उन्हाळ्यात वारली होती. तिला पोहोचवायला आलेले वडील जाताना मला म्हणाले, “बाई, हितं आता हिचं मोठं माणूस तूच.” मी मान डोलावली. असं सगळेच म्हणतात, आपण मान डोलावतो.

पण काम मी मनापासून केलं. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदं, कुठल्या सरांना वर्गातच विचारायचं आणि कुणाला वर्गाबाहेर गाठायचं, हसणाऱ्या मुलींकडे कसं पाहायचं, सगळं शिकवलं. ती शहाणी होती, एकदा सांगितलेलं पुरे व्हायचं. आणि मग नवी बाजरी बाजारात आली. खानावळीच्या मावशी कौतुकानं गरम भाकऱ्या वाढायच्या, आणि मनीषा ताटातली भाकरी हळूच बाजूला सारायची. दुपारी मिळणारा वाटीभर भात तेवढा खायची. मी विचारलं की म्हणायची, “भूक न्हाय ताई.” आणि माझ्याकडे बघत राहायची, काहीतरी व्हायची वाट बघितल्यासारखी. मी तर्क लढवले. आईची आठवण येत असेल, अभ्यासाचा धसका असेल. समजावलं, रागावले, एकदा तर चक्क घास भरवायला गेले. तिनं तोंड फिरवलं. इतकी चौकस मी, पण आपण स्वतः नवं धान्य घरी कसं खात होतो, हे मला एकदाही आठवलं नाही.

सांगवीला एका भाजीपाल्याच्या शेतावर प्रात्यक्षिक होतं, तिथं ती वांग्याच्या सरीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पोटात पुरेसं अन्नच नाही. दोन दिवसांनी तिनं पिशवी भरली. “माझ्यानं हितं ऱ्हावणार न्हाय,” एवढंच म्हणाली. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला ठाऊक होतं. आमच्या मुली एकदा परत गेल्या की सहसा येत नाहीत. तिच्यासोबत एसटी स्टँडवर निघाले तेव्हा मला तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.

गाडीला वेळ होता. आमच्या बाकावर एक आजी येऊन बसली. डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं. बावड्याच्या गाडीची वाट बघत होती. तिनं मनीषाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता गाठोडं सोडलं आणि पळसाच्या पानात बांधलेली भाकरी काढली. मला वाटलं, मनीषाच्या हातात देईल. तिनं ती माझ्यापुढं धरली.

“नव्या बाजरीची हाय,” आजी म्हणाली. “आधी ज्याचं त्याला दे, मग हिला घाल. मोठी हायेस न्हवं तू?”

मनीषा रडायला लागली. रडतरडत जे बोलली ते ऐकून मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. नवं धान्य घरातल्या मोठ्या माणसानं कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय धाकट्यांनी तोंडात घालायचं नसतं. तिच्या घरी ते आई करायची. आता आई नाही, आणि इथलं मोठं माणूस मी. ती पहिल्या भाकरीपासून माझी वाट बघत होती.

“मग सांगायचं नाही का?” मी म्हणाले.

“मोठ्या माणसाला आपण कसं सांगायचं, ताई?”

मला मंत्र येत नव्हता, देवीवर भरवसाही नव्हता. पण आईचे हात आठवले. पान बाकावर ठेवलं, बाटलीतल्या पाण्याचं बोट फिरवलं, एक तुकडा मोडून बाजूला काढला आणि उगवतीकडे तोंड करून आई म्हणायची तेच म्हटलं, “आधी तुझं, मग आमचं.” आजूबाजूला कंडक्टर ओरडत होते, पोरं वेफर्स खात होती. मी पहिला घास मनीषाला दिला. ती खाऊ लागली. तिची गाडी लागली, भरली, सुटली. आम्ही दोघी बसूनच राहिलो. मान वर केली तेव्हा आजीही गेलेली होती.

माझी खोड मला स्वस्थ बसू देईना. पुढच्या रविवारी आम्ही दोघी बावड्याला गेलो. पारावर बसलेल्या एका तात्यांना आजीचं वर्णन सांगितलं तर ते म्हणाले, “आगं, अशी म्हातारी हितं घरटी एक हाय.” चार घरी विचारलं, चार घरी चहा झाला, आणि पिशवीभर पेरू घेऊन परत आलो. आजी सापडली नाही. तिनं भाकरी माझ्यापुढंच का धरली, हे मला आजही कळलेलं नाही.

दिवाळीला घरी गेले. आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिला कबूल केलं की तीन वर्षं मी न दाखवताच नवं खाल्लं. तिचं सूप थांबलं नाही.

“न्हाय खाल्लंस,” ती म्हणाली. “हळवं भात, आधी पिकतं ते, घरात आलं की दर साली पानावर एक घास तुझ्या नावानं काढती मी. तू तिकडं खाल्लंस ते हितं आधीच दाखवल्यालं हुतं.”

ज्या देवीला मी विसरले होते तिच्या पानावर माझा घास दर वर्षी होता.

“यंदा दोन काढले,” आई तांदळातला खडा वेचत म्हणाली. “तू फोनवर म्हणली हुतीस ना, तुझ्या हाताखाली बिनआईची पोर आलीय म्हणून.”

कुठल्या दिवशी काढले, स्टँडवर आजी भेटली त्याच दिवशी का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदाच मी काही विचारलं नाही. आईच्या हातातलं सूप घेतलं आणि पाखडायला बसले.