काउंटरवरची माफी

आमच्या लाँड्रीत कपडा जळला की पुढे काउंटरवर ताईला पाठवायचे. कोणी जाळला हा प्रश्न नंतरचा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत आपण माफी मागायची, म्हणजे त्याच्या रागाला बसायला जागा उरत नाही, असा मालकाचा नियमच होता. त्याला स्वतःला ते जमायचं नाही, तो लगेच हमरीतुमरीवर यायचा. माझं तर विचारूच नका. मी एकदा एका बाईला तिच्या झग्याची मुळातच काय लायकी होती ते ऐकवलं होतं. ताई मात्र हात एप्रनला पुसत पुढे जायची, मान जराशी खाली घालायची आणि म्हणायची, "माझी चूक झाली. लक्ष नव्हतं माझं. माफ करा." ते इतकं खरं वाटायचं की गिऱ्हाईकच उलट तिची समजूत घालायचं. तिने स्वतः जाळलेला एकही कपडा माझ्या पाहण्यात नाही. मालक तिला कौतुकाने "आमचं माफीखातं" म्हणायचा, आणि आम्ही सगळे हसायचो.

मी तिच्या समोरच्या टेबलावर इस्त्री करायचे. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. तिच्या लेकाला नाही.

लेक लेखक झाला. त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून वर भाजल्याची मोठी खूण आहे. ती कशी झाली ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. नवरा लवकर गेलेला, पोराला ठेवायला जागा नाही, म्हणून शाळेला सुटी असली की ताई त्याला कामावर घेऊन यायची. टेबलाखालच्या गाठोड्यांवर तो बसलेला असायचा. इस्त्रीच्या वायरशी खेळू नकोस म्हणून त्या दिवशी ती कितीदा तरी ओरडली होती. मग आम्ही दोघी चादरी घडी करायला लागलो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, आणि टेबल चांगलं चार पावलं लांब. पोराने वायर ओढली आणि इस्त्री हातावर घेतली. ताई त्याला उचलून तशीच अनवाणी दवाखान्यात पळाली. पुढे कितीतरी दिवस ती त्याला आपल्या हाताने भरवत होती. दप्तरसुद्धा उचलू देत नव्हती.

त्याच्या कादंबरीत ही हकिगत आहे. फक्त तिथे पोराकडून गिऱ्हाइकाच्या शर्टावर शाई सांडते, आणि आई त्याचा हात टेबलावर दाबून धरून त्यावर इस्त्री टेकवते. मग पुढचा शर्ट घेते. लिहितो छान, ते नाकारत नाही. वाफेचा आवाज, ओल्या कापडाचा वास, मालकाचा खोकला, सगळं जसंच्या तसं. त्या खऱ्याच्या मधोमध एवढं एक खोटं नीट घडी घालून ठेवलंय. त्यामुळेच ते पचलं.

पुस्तक आलं तेव्हा ताई ते पिशवीत घालून लाँड्रीत घेऊन आली होती. दुपारच्या सुटीत एकेक पान वाचायची. त्या पानावर आली आणि थांबली. मला म्हणाली, "असं नव्हतं ना गं झालं?"

"नव्हतं," मी म्हणाले. "विचार त्याला."

तिने विचारलं. तो हसला म्हणे. "आई, कादंबरी आहे ती. कादंबरीतली आई वेगळी, तू वेगळी." तिचं समाधान झालं. मुलाखतींमध्ये मात्र हा साळसूद माणूस बाह्या दुमडून बसायचा आणि म्हणायचा, "यातली ओळ न् ओळ मी जगलोय." घरी एक आणि बाहेर एक, आणि दोन्हीकडे याची वाहवा.

तरी लोकांचं ताईने मनावर घेतलं नसतं. पण घरात नात आली. ताई दर सुटीला तिला बघायला जायची. सून बाळ तिच्या मांडीवर द्यायची, पण स्वतःचा हात काढायची नाही. चहा ठेवायला ताई उठली की सून आधी बाळ उचलायची. एकदा बाळ झोपलंय का बघायला ताई आतल्या खोलीत गेली, तर सून धावत येऊन दारात उभी राहिली. तेव्हा ताईने सरळ विचारलं, "माझं काही चुकतंय का?"

सून म्हणाली, "आई, लग्नाआधीच त्याने मला सगळं सांगितलंय. हाताचं."

लग्न पुस्तकाच्या आधीचं, म्हणजे खोटं पुस्तकापेक्षा जुनं होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून सांगितलेली गोष्ट, ती लागू पडली म्हणून पुढे छापलेली.

ताई त्याच्याकडे गेली. तिचं मागणं एवढंच होतं, "तिला एकदा सांग की मी नाही केलं. मला नातीला घेऊन बागेत जायचंय, बाकी काही नको." तो म्हणाला, "आत्ता सांगितलं तर ती माझ्याबद्दल काय विचार करेल? आणि वाचकांचं काय?" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "रविवारी कार्यक्रमाला ये. तिथे लोक विचारतातच. बोलू."

ताईने त्याचा अर्थ लावला की तो चारचौघांत खरं सांगणार. नाहीच सांगितलं तर तूच बोल, असं मी तिला बजावलं. इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून ती माझ्यासमोर घोकायची, "मी नाही केलं. इस्त्री पडली."

वाचनालयाचा हॉल भरला होता. सून बाळाला घेऊन पहिल्या रांगेत, आम्ही दोघी मागे. त्याने ते पान वाचलं. एक बाई रडतच उठली आणि तिने विचारलं, "तुमच्या आईने हे वाचलंय का?"

त्याने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "ती इथेच बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. कोणीतरी ताईच्या हातात माईक दिला. ती उभी राहिली. पुढच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ मागे वळून तिला म्हणाले, "कसं करवलं हो तुम्हाला?"

अगदी तोच आवाज. जळका कपडा काउंटरवर आपटणाऱ्या माणसाचा. मी ताईकडे पाहिलं, तर तिने हात कपड्यांना पुसले आणि मान जराशी खाली घातली.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं. माफ करा."

मी उठून ओरडले, "तिने नाही केलं, मी होते तिथे." पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. लेक खाली उतरला, त्याने तिला मिठी मारली आणि माईकमध्ये म्हणाला, "आई, मी तुला केव्हाच माफ केलंय." त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मेल्याचा स्वतःच्या लिखाणावर विश्वास बसला होता. लोक उभे राहिले, फोटो निघाले.

नंतर चहाच्या टेबलापाशी ताई मला म्हणाली, "मी काय बोलून बसले गं?" मग तिला सून दिसली. इतकं सगळं झालं, आता तरी, असं तिला वाटलं असावं. तिने बाळासाठी हात पुढे केले.

सुनेचे डोळे रडून लाल झाले होते. ती अगदी मायेने बोलली. "आई, असं कबूल करायला फार हिंमत लागते." मग तिने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "खरं सांगू? मला इतके दिवस वाटायचं, तो थोडं वाढवून सांगत असेल. पुढच्या महिन्यापासून हिला दुपारची तुमच्याकडे ठेवायचं मी ठरवत होते. आता नाही ठेवता येणार."

ताईने लेकाकडे पाहिलं. तो दोन खुर्च्या पलीकडे पुस्तकांवर सह्या करत होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. हातातली सही पूर्ण करून त्याने पुस्तक बंद केलं, पुढचं ओढलं आणि म्हणाला, "आई, दमली असशील. तू निघ आता."