भुऱ्याला उपाशी आणा

मार्गासनीच्या चंद्राबाईंना पंधरा दिवस धड झोप नव्हती. भात दाण्यावर आलं होतं, आणि त्याचा वास मालकाच्या आधी रानडुकरांना लागतो. एरवी ही काळजी भुऱ्याची. नऊ वर्षांचा कुत्रा. बांधावरून दोनदा भुंकला की डुकरं नदीपार. पण आता त्याचं पोट फुगलेलं, डोळे हळदीचं बोट फिरवल्यासारखे पिवळे, आणि तोंडातून आवाज म्हणून निघेना. मग त्याच्या जागी चंद्राबाई पत्र्याचा डबा बडवत बसायच्या. पासष्टीच्या बाईनं राखण करायची आणि कुत्र्यानं गोधडीवर लोळायचं, असा सगळा उलटा कारभार चालला होता.

घर शेतात, एकटं. मालक, चिमाजी, चार वर्षांमागं गेले. जाताना घराला एक रीत लावून गेले : पहिला घास गाईचा, शेवटची भाकर कुत्र्याची, मधलं माणसांनी बघावं. भुऱ्या त्या रितीला माणसांहून पक्का. चंद्राबाईंचं तोंड हललेलं दिसल्याशिवाय समोरच्या भाकरीला नाकसुद्धा लावायचा नाही.

कापूरहोळला कुत्र्यामांजरांचा एक दवाखाना आहे. तिथं भोरची डॉक्टरीण, राजनंदिनी, दर गुरुवारी सोनोग्राफीचं नवं मशीन घेऊन येते. तिनं आधी रक्त तपासलं होतं. दुखणं काळजात, म्हणजे यकृतात, एवढं कळलं होतं. आता काळीज नुसतं सुजलंय की आतून कडक झालंय, ते मशीन सांगणार. सूज असली तर औषधानं उतरेल. कडक झालं असलं तर मागं फिरायचं नाही. फोनवर तिनं दोनदा बजावलं, "आजी, बारा तास उपाशी आणा. पाणी चालेल."

"व्हय व्हय," चंद्राबाई म्हणाल्या.

गुरुवारी हनुमंतचा दुधाचा टेम्पो दारात आला. भुऱ्याला उचलून वर ठेवायचं, तोच चंद्राबाई उंबऱ्यात थबकल्या. त्या घरातून आजवर कोणी कामाला बाहेर पडलं ते हातावर दही घेतल्याशिवाय नाही. आणि हा तर दवाखान्याला निघालेला. त्यांनी तळहातावर दही-साखर घेतली, थोडी आपण चाटली, उरलेली त्याच्यापुढं धरली. त्यानं जीभ लावली.

टेबलावर भुऱ्याच्या पोटावर चिकट औषध फासून डॉक्टरीण पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, याला काय दिलं?"

"काय न्हाई. बोटभर दही."

"बोटभर?"

"वाटीभर आसंल. लहान वाटी."

डॉक्टरिणीनं पडदा त्यांच्याकडं वळवला. तेव्हा चंद्राबाईंनी खरं सांगितलं, "आन् अर्धी भाकर. नुसतं दही बाधतं की वो त्याला."

राजनंदिनीनं हसू दाबलं, पण मशीन बंद केलं. "पोटात अन्न गेलं की काळजाकडं रक्त धावतं. मग ते आहे त्याहून कडक दिसतं. उगाच वाईट आकडा सांगू का तुम्हाला? पुढच्या गुरुवारी या."

म्हणजे अजून आठ दिवस डबा बडवायचा. परतताना हनुमंत म्हणाला, "काकी, कुत्र्याला दहीसाखर, आन् मला साधा च्या न्हाई?"

"तुजं काळीज चांगलंय. गप गाडी हाक."

पुढचे आठ दिवस कसे गेले ते गुडघ्यांना ठाऊक. चार वाफे डुकरांनी लोळून भुईसपाट केले. गुरुवारी चंद्राबाईंनी दह्याच्या गाडग्यावर पाटा ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून निघाल्या. भाकर मात्र फडक्यात बांधून घेतली, आल्यावर लागेल म्हणून. आदल्या रातीपासून भुऱ्या उपाशी, तर त्यांनाही घास उतरला नव्हता. समोर मुकं जनावर भुकेलं आणि आपण चावत बसायचं, हे त्यांना कधी जमलंच नाही.

या खेपेला डॉक्टरिणीची मान डोलली. "आता त्याला धरून बसा. श्वास संथ झाला की मगच मोजता येतं."

चंद्राबाईंनी त्याच्या कानामागं बोटं फिरवली. धाप हळूहळू उतरली. "कसं कळतं गं ह्याला आतलं?" त्यांनी विचारलं.

"आत बारीकसा कंप सोडते मी. मऊ मांसातून तो रमतगमत जातो. कडक असलं की सुसाट."

"म्हशीची कास दगडावानी झाली की हाताला कळतं."

"तसंच. पण काळीज फासळ्यांच्या आड. तिथं तुमचा हात पोचत नाही."

दहा वेळा मोजलं. प्रत्येक वेळी पडद्यावर मऊपणाच्या निळ्याच्या जागी कडकपणाचं तांबडं उमटत होतं. सहाव्या वेळेनंतर चंद्राबाईंनी तिकडं बघणं सोडलं आणि भुऱ्याच्या कानाकडं बघत राहिल्या.

"आजी, कडक झालंय," डॉक्टरीण म्हणाली. "आजचं नाही, लई दिवसांचं. पोटातलं पाणी कमी करायला गोळ्या देते. पण मागं फिरणार नाही."

"किती दिस?"

"काही महिने. जास्तही काढेल. राखणीला नेऊ नका. आणि आता उपाशी ठेवायचं नाही, थोडं थोडं, दिवसातून चारदा. मीठ नको."

"न्हाई नेत," चंद्राबाई म्हणाल्या. त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. "मंग आत्ता देऊ का?"

"द्या की."

बाहेर टेम्पोच्या सावलीत बसून त्यांनी फडकं सोडलं. भाकर मोडून भुऱ्यापुढं ठेवली. आदल्या रातीपासूनचा भुकेला. भाकरीकडं बघितलं, मग वर त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि तसाच बसून राहिला.

"खा की रं," हनुमंत म्हणाला. "काकी, त्याला भूक न्हाई."

"भूक हाय. त्याला रीत हाय."

चंद्राबाईंना गोड-तिखट काहीच नको होतं. तरी त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि तो बघेल असा जबडा हलवत चावत राहिल्या. तुकडा गिळायला फार वेळ लागला.

तेव्हा कुठं भुऱ्यानं मान खाली घातली.

"आता चारदा म्हणजे माझंबी चारदा आलं," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा मोडला.