ढिल्या स्टिअरिंगची सवय

आमच्या नाटक कंपनीचे महाल आणि तुरुंग एका पिकअपमधून गावोगाव फिरायचे, आणि ती पिकअप चालवायचे काका. काय दिवस होते! कंपनी बंद पडली, आम्ही नट घरी बसलो. काका मात्र त्याच गाडीतून लोकांची कपाटं, पलंग वाहत राहिले.

अलीकडे तिचं स्टिअरिंग इतकं ढिलं झालं होतं, की वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. काका हसायचे, "म्हातारीला आधी सांगून ठेवावं लागतं." शेवटी त्यांच्या मुलीने, तिचं स्वतःचं गॅरेज आहे, गाडी अडवूनच ठेवली. "बाबा, स्टिअरिंग बॉक्स बदलल्याशिवाय ही फाटकाबाहेर जाणार नाही."

मी सकाळी गॅरेजवर गेलो तेव्हा ती गाडीखाली होती. गंजलेला जुना बॉक्स घाम काढून निघाला. चाकं सरळ ठेवून तिने नवा बसवला. काका डोक्यावर उभे.

"नट आवळलास?"

"आवळला."

"नीट?"

"बाबा, जरा लांब बसा बघू. तुमच्यामुळे माझं लक्ष उडतंय."

काळजी खोटी नव्हती. दुपारी एका घरचं सामान टेकडीवरून उतरवायचं होतं. रस्ता अरुंद, एका बाजूला खोल उतार.

मला शेजारी बसवून काकांनी गाडी अंगणात काढली. वळताना सवयीने वीतभर स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी तडक भिंतीकडे! ब्रेक लागला तेव्हा भिंत हातभरावर होती.

"उलटा बसवलास की काय गं?" काका ओरडले.

ती पुन्हा खाली शिरली, एकेक नट तपासला. मग स्वतः एक फेरी मारून आली. गाडी लोण्यासारखी वळत होती.

"बॉक्स बरोबर आहे, बाबा."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. काकांना कळलं. जन्मभर बहिऱ्याशी ओरडून बोललेल्या माणसाला धड ऐकणारा भेटावा, तसं त्यांच्या हातांचं झालं होतं.

मुलीने ऑइलचे रिकामे डबे अंगणात मांडले. काका त्यांच्यामधून गाडी काढू लागले. पहिला डबा आडवा, दुसराही आडवा.

"हळू, बाबा. नुसतं बोटांनी."

तिसराही पडला. काकांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "आजची फेरी तू कर. मी शेजारी बसतो."

"आजचीच," ती घाईने म्हणाली.

सामान भरून आम्ही तिघं टेकडी उतरलो. मी खिडकीची कडा धरून बसलो होतो. प्रत्येक वळणाला काकांचे हात मांडीवर तिच्याबरोबर फिरायचे, आणि प्रत्येक वेळी तिच्यापेक्षा जास्त. शेवटच्या वळणालाही जास्तच.

"मी चालवली असती तर खाली गेलो असतो," काका हळूच म्हणाले.

मुलीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "हात आधीपेक्षा कमी फिरले, बाबा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते."